तळाचा वास

सासऱ्यांचे गावाकडचे सोबती सोमलिंगकाका मुरूमहून सकाळच्या एस्टीनं आले, ओट्यावर टेकले, इरम्मानं पुढं केलेला गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तांब्यातलं पाणी एक घोट प्याले. प्याले कसले, नुसतं तोंडात घेतलं. मग हातानंच 'आलो' अशी खूण करून ते मोरीपाशी गेले आणि पाठ फिरवून तो घोट त्यांनी थुंकून टाकला. परत आले तेव्हा तोंड पुसत होते, हसत होते, गावाकडच्या कोणाकोणाची खुशाली सांगत होते. तांब्याला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. इरम्मा दारात उभी होती. भर अंगणात कुणी थोबाडीत मारावी तसं झालं तिला. पंधरा वर्षांत तिच्या हातचं पाणी कुणी थुंकलं नव्हतं. आणि तेवढ्यात तिच्या सासऱ्यांनी, कल्याणप्पांनी, तोच तांब्या उचलला, वरून धार धरून घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आहाहा! अमृत हाय बग सोम्या. आमच्या इरव्वाच्या हातचं पाणी हाय हे." सोमलिंगकाकांनी मान खाली घातली. "व्हय रं कल्याण," म्हणाले, "व्हय."

ती आत गेली आणि रांजणावरचं झाकण काढून वाकली. होता. वास होताच. आठ-दहा दिवसांपासून होता, आणि इतके दिवस ती स्वतःलाच सांगत होती की न्हाय गं बाई, तुझ्या मनाचे खेळ हायेत. कारण घरात तिचे सासरे अप्पा होते, आणि अप्पा काही बोलत नव्हते. ज्या घरात अप्पा आहेत त्या घरात पाण्याला वास आला का नाही हे आणखी कुणी ठरवायचं म्हणजे काय! निजामाच्या राज्यात अप्पांकडं गावोगावच्या विहिरी आणि आड बघायचं काम होतं. कागदावर त्या कामाला काय म्हणत देव जाणे, लोक त्यांना नाकवाले अप्पा म्हणत. कुठं पाणी बिघडलं की बैलगाडी पाठवून त्यांना न्यायचे. अप्पा पाणी आधी प्यायचेच नाहीत. तांब्यात घ्यायचे, निखाऱ्यावर जरासं कोमट करायचे, तोंडावर तळहात दाबून तांब्या गरागरा हलवायचे आणि मग हात एवढासा सरकवून नाकाशी धरायचे. बास. कुठं कबूतर पडून मेलंय, कुठं गोठ्याचं मूत झिरपतंय, कुठं नुसताच पाला कुजलाय, सगळं सांगायचे. आणि दोष ज्याचा असेल त्याचं नाव चावडीवर, चारचौघांत घ्यायचे. "पान्यापुढं भीड न्हाय," हे त्यांचं वाक्य. एका गावी त्यांनी एका मोठ्या घराचं नाव घेतलं, आणि वर्षभर त्या घरी कुणी पाणी प्यालं नाही. ती गोष्ट अप्पा आजही सांगत, आणि सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

इरम्मा कल्याणप्पांच्या घरात आली ती चौदा वर्षांची, आई-बाप नसलेली, मामानं उरकून टाकलेली. पहिल्या पहाटे तिनं घागर चिंचेनं आणि राखेनं घासली, पाणी भरलं, आणि सासूनं तांब्या अप्पांच्या पुढं ठेवला. अप्पांनी नाकाशी नेला. सगळं घर बघत होतं. अप्पा म्हणाले, "आजपासनं माझं पानी ही पोरगी भरंल." एवढंच. पण त्या एका वाक्यावर ती पंधरा वर्षं त्या घरात उभी होती. मूल झालं नाही. सहा वर्षं झाली, आठ झाली, दहा झाली, जावा-नणंदा कुजबुजायला लागल्या, नवऱ्याला दुसरी करून द्यायचं बोलणं निघालं, तेव्हा अप्पा जेवता जेवता ताटावरून उठले होते. "माझं पानी ती भरती. तिला कुनी बोलायचं काम न्हाय." लग्नाकार्याला गेले तरी घरचा तांब्या बरोबर न्यायचे, परक्या हातचं पाणी त्यांना चालायचं नाही. बायकांच्या घोळक्यात इरम्मा वांझ होती. पण कल्याणप्पांचं पाणी भरणारी होती, आणि त्यापुढं कुणाची टाप नव्हती. आता सोमलिंगकाकांनी तिचं पाणी थुंकलं होतं. काका गेल्यावर ती चुलीपुढं बसली आणि तिला एकदम रडू फुटलं.

रडून झाल्यावर तिनं पदर खोचला. अप्पांनीच शिकवलेलं होतं सगळं. तीन तांबे मांडले: एक थेट पोहऱ्यातून घेतलेला, एक घागरीतला, एक रांजणातला. तिन्ही निखाऱ्यावर कोमट केले, तळहात दाबून हलवले, नाकाशी धरले. रांजणातलं पाणी नासकं असतं आणि पोहऱ्यातलं चांगलं, तर काम सोपं होतं. रांजण घासायचा, उन्हात उपडा घालायचा, धुरी द्यायची, संपलं. पण तिन्हीतून एकच वास आला. मग आडातच. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी पाणी हलवायच्या आत, तिनं एक पोहरा वरवर बुडवून काढला आणि दुसरा दोर संपेस्तोवर खोल सोडून. वरचं पाणी जवळजवळ बरं होतं. खालचं तिनं नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे जे काही होतं ते तळात होतं, गाळात. मेल्या जनावराचा वास तो नव्हे, तो कसा असतो ते तिला ठाऊक होतं. गोठ्याचाही नव्हे. हा ओलसर होता, गोडूस होता, आणि त्याच्यात काहीतरी ओळखीचं होतं. कुठंतरी रोज भेटणारं. काय ते ध्यानात येईना, आणि ध्यानात येत नाही याचीच तिला भीती वाटायला लागली. दिवसभर हात कामात असायचे आणि मन त्या वासाभोवती फिरायचं. भाकरी थापताना, झाडताना, नवऱ्याचा डबा भरताना. नवरा पंचाक्षरी कलेक्टर कचेरीत कारकून. आठवड्यातले चार दिवस कळंबला नाहीतर आणखी कुठं फिरतीवर. तो म्हणाला, "वास येतोय खरा. अप्पांला इचार की." जसं काही तिनं विचारलंच नव्हतं, आणि अप्पा 'बरं हाय की' म्हणाले नव्हते!

घर मार्तंडरावांच्या मालकीचं. पुढं ते राहात, डाव्या हाताला वनमालाबाई आणि त्यांचे यजमान मास्तर, उजवीकडं ही मंडळी, आणि मधे सगळ्यांचा एक आड. सासू वारल्यावर दिवाळीच्या सुमाराला पंचाक्षरीनं इरम्माला आणि अप्पांना मुरूमहून इथं उस्मानाबादेला आणलं होतं. चैत्र संपत आला तशी पाण्याची कुरकुर वाढली. वनमालाबाई आधी इरम्माला एकटीला म्हणाल्या, मग मार्तंडरावांना म्हणाल्या, मग एका रविवारी सगळेच अंगणात जमले आणि मार्तंडराव म्हणाले, "आपल्या घरात जाणकार असताना बाहेर कुठं विचारायचं? अप्पा, तुम्ही सांगा." अप्पा उठले. पागोटं बांधलं. इरम्माला निखारे आणायला सांगितलं, आणि तिला वाटलं, सुटलो आपण! आता अप्पा तांब्या नाकाशी नेतील, भुवया आकसतील, आणि सगळं उलगडेल. अप्पांनी पाणी कोमट केलं, तळहात दाबला, हलवला, हात सरकवला, डोळे मिटले. अप्पांनी दुसऱ्यांदा हुंगलं. तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी कधीच हुंगलं नव्हतं, हे त्या अंगणात एकट्या इरम्माला माहीत होतं. मग त्यांनी डोळे उघडले आणि जुन्या, चावडीवरच्या आवाजात म्हणाले, "आडाला दोष न्हाय. भांड्याचा दोष हाय. भांडी नीट घासत न्हायत बायका." वनमालाबाईंनी हळूच इरम्माकडं बघितलं. आणि अप्पा, तिचे अप्पा, वळून म्हणाले, "इरव्वा, रांजण घासत जा गं नीट."

त्या दिवशी तिला कळलं. कळलं म्हणजे एकदम काही उजेड पडला असं नाही. एकेक गोष्ट आठवायला लागली आणि जागेवर बसायला लागली. पौषात अप्पांना मोठा ताप आला होता, अठरा दिवस अंथरुणाला खिळले होते, नाक नि डोकं नुसतं गच्च. उठले तेव्हा पायातली ताकद गेलेली. तेव्हापासून त्यांनी जेवणाला नाव ठेवलं नव्हतं. आमटी लागली तरी गप, दूध उतू गेलं तरी गप, मास्तरांच्या घरी फोडणी जळून सगळं अंगण खोकत होतं तरी अप्पा निवांत जपमाळ ओढत बसलेले. तिला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस निवला. किती बरं वाटलं होतं तिला तेव्हा! तिनं चुलीपाशी मुद्दाम हिंगाची डबी उघडून त्यांच्या मागं धरली. अप्पा वळले, "काय गं?" एवढंच म्हणाले. "काय न्हाय, अप्पा." ती डबी घेऊन मागं सरली आणि तिनं झाकण लावलं. म्हाताऱ्याचं नाक गेलं होतं. आणि म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं, अगदी पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तीनदा हुंगलं. तिला त्यांचा राग आला. भांडी घासत नाही म्हणे! पण राग टिकेना. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर माणूस माणूस होता, ती गोष्ट एका तापात गेली, आणि कुणाला सांगायची सोय नाही. तिला स्वतःचं आठवलं. तिचंही तसंच होतं की. पाणी भरणारी हे नाव काढून घेतलं तर तिचं तरी काय उरत होतं?

मग तिनं मोठ्या आवाजानं भांडी घासायला सुरुवात केली. अंगणात, सगळ्यांच्या देखत, राख, चुना, चिंच. हसूच यावं असा तमाशा. घासता घासता मनात यायचं की आडात आहे तरी काय. चार दिवसांनी तेही समजलं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. पहाटे तिला लवकर जाग आली. अप्पांची पूजा झाली होती. तळहातावर इष्टलिंग घेऊन ते रोज बसत, बेल वाहत, विभूती लावत. आणि मग आदल्या दिवसाचं निर्माल्य, म्हणजे ती वाहिलेली पानं-फुलं, गावाबाहेरच्या ओढ्यात सोडायला जात. निर्माल्य कुणाच्या पायाखाली यायला नको, ते पाण्यातच सोडायचं, हे तिच्या माहेरच्या वाटेच्या देवळापासून सगळीकडं ती बघत आली होती. मुरूमला तर घरामागंच ओढा होता. इथला ओढा लांब. तिला वाटायचं अप्पा अजून जातात. दाराच्या फटीतून तिनं बघितलं: अप्पा काठी टेकत आडापर्यंत गेले, तिथं थांबले, पायांकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. निर्माल्याची मूठ डोळ्यांना लावली. आणि आडावर नेऊन उघडली. पाण्यावर आवाजसुद्धा झाला नाही. तो ओळखीचा वास! बेलाचा, झेंडूचा, विभूतीचा, त्यांच्याच देवघराचा वास होता तो, तीन महिने तळात कुजलेला. नाक शाबूत असतं तर फाल्गुनातच त्यांनी स्वतःला पकडलं असतं. आणि नाव घेतलं असतं, चारचौघांत. ती फटीपाशीच खाली बसली.

त्याच दिवशी ती भीतभीत म्हणाली, "अप्पा, ओढा लांब पडतो तुमाला. निर्माल्य माझ्याकडं देत जा. म्या सोडून येते." अप्पांनी तिच्याकडं बघितलं नाही. "माझ्या देवाचं मी बघतो." "एवढं लांब कशाला, अप्पा…" "बघतो म्हन्लं न्हवं!" इतकं तोडून ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांना संशय आला का? का देवाची पानं पाणी कशी नासवतील असंच त्यांना खरोखर वाटत होतं? तिला काही ठरवता येईना. पंचाक्षरीला सांगावं तर तो सरळ जाऊन बापाला विचारणार. वनमालाबाईंनी आता आडाचं पाणी प्यायला घेणं सोडलं होतं, त्या चार गल्ल्या पलीकडून घागर आणत, आणि येता-जाता इरम्माच्या रांजणाकडं बघत. बघू देत. भांड्यांवर निभावतंय तोवर निभवायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आपलं नाव गेलं तर जातंय थोडं. म्हाताऱ्याचं गेलं तर त्याच्याजवळ दुसरं काहीच नाही. पण मार्तंडराव वैशाखात एक दिवस म्हणाले, "पाणी खाली गेलंय, उपसूनच टाकू आड. गाळ निघाला म्हणजे वासही जाईल." ती म्हणाली, "भांड्याचाच दोष हाय की, अप्पा म्हन्ले." मार्तंडराव हसले. "असेल. पण उपसू एकदा."

दोन गडी आले. पाणी उपसलं, मग खाली हवा बरी आहे ना हे बघायला आधी कंदील दोराला बांधून आत सोडला. तो खाली जाऊन तसाच जळत राहिला तेव्हा एक गडी उतरला. सगळं अंगण भोवती जमलेलं. पंचाक्षरी कळंबला गेलेला. अप्पा काठीवर भार देऊन थोडे मागं उभे होते, पागोटं बांधून, जसे चावडीवर उभे राहात असतील तसे. पहिल्या टोपल्या नुसत्या काळ्या चिखलाच्या निघाल्या. चौथी टोपली वर आली, गड्यानं ती फरशीवर उलटी केली, आणि वास असा उठला की वनमालाबाईंनी नाकाला पदर लावला. चिखलात बेलाची पानं होती. मूठभर नव्हे, थरच्या थर. काळी पडलेली, जाळी झालेली, तरी तीन-तीन पानांची जुडी न मोडता तशीच्या तशी. मधे फुलांचे दोरे. त्या घरात रोज बेल कोण वाहतं हे विचारायची कुणाला गरज नव्हती. तरी वनमालाबाई बोलल्याच, "हे गं काय? हे कुणाच्या घरचं?" आणि एकेक मान मागं वळायला लागली. इरम्मानं अप्पांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं. हातातली काठी फरशीवर टकटक वाजत होती, ते वाजवत नव्हते तरी वाजत होती.

"म्या टाकत हुते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच मोठा वाटला. "अप्पा वढ्यात सोडायला माझ्याकडं द्यायचे. लांब पडतं म्हनून कंटाळा केला म्या. हितंच टाकत हुते."

बोलून झालं आणि ती थांबली. खरं सांगायचं तर तिनं हे केवळ अप्पांना वाचवायला म्हटलं नव्हतं. आत कुठंतरी तिची खात्री होती की ते आता पुढं येतील. म्हणतील, पोरगी खोटं बोलती, माझं पाप ती डोक्यावर घेती. पान्यापुढं भीड न्हाय. जन्मभर लोकांची नावं घेतलेला माणूस, आपलं नाव घ्यायला कितीसा वेळ लागणार! ती वाट बघत होती. अप्पांनी तोंड मिटलं. मग मार्तंडरावांकडं बघत, तिच्याकडं नाही, ते म्हणाले, "चुकलं पोरीचं. माफी द्या तिला." आणि थोडं थांबून, कुणी विचारलं नसताना, "किती डाव सांगितलं म्या. वढ्यातच सोड म्हनून."

तिला हसूच आलं क्षणभर. मग कान बधिर झाले. वनमालाबाई काय काय म्हणाल्या, मार्तंडराव काय म्हणाले, काही नीट ऐकू आलं नाही. संध्याकाळी पंचाक्षरी आला, त्याला दारातच सगळं कळलं होतं; तो तिला तोंडाला येईल ते बोलला, आणि अप्पा आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसले होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. कान शाबूत होते त्यांचे.

आडात चुना टाकला, पावडर टाकली, दोन दिवस कुणी पाणी काढलं नाही, आणि नव्या झऱ्याचं पाणी चढलं ते खरोखर गोड चढलं. वनमालाबाईंनी पुन्हा तिथंच घागर बुडवायला सुरुवात केली. निर्माल्य आता अप्पा एका मडक्यात साठवत आणि पंचाक्षरी रविवारी सायकलवरून ओढ्याला नेई. सगळं मार्गी लागलं म्हणायचं. फक्त तिसऱ्या दिवशी सकाळी इरम्मानं तांब्या भरून अप्पांपुढं ठेवला, तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. "राहू दे," म्हणाले. डोळे जमिनीवर. मग उठले, काठी भिंतीला लावली, आडावर गेले आणि सत्तरीतल्या त्या हातांनी त्यांनी स्वतः पोहरा सोडला. तिला समजलं. तिच्या हातचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. ज्या हातानं त्यांची अब्रू झाकली तो हात रोज समोर येणं त्यांना सोसत नव्हतं. पण अंगणाला वेगळंच समजलं. "म्हातारा पाण्याच्या बाबतीत कडक हं," मार्तंडराव कौतुकानं मास्तरांना सांगत होते, "सुनेनं आड बाटवला, तर तिच्या हातचं पाणी पीत नाही." आणि अप्पांची मान पुन्हा थोडी ताठ व्हायला लागली. ते लोकांना खोटं ठरवत नव्हते. दुरून कुणी पाणी दाखवायला आलं तर तांब्या नाकाशी नेऊन गंभीर चेहरा करत. इरम्मा घागरी भरायची, रांजण भरायची, सगळ्या घराचं पाणी भरायची, एका माणसाचं सोडून. रोज पहाटे रहाट कुरकुरायचा, मधे थांबायचा, म्हणजे अप्पा दम घेतायत. ती अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडायची, पुन्हा कुरकुरेपर्यंत. जीव तुटायचा तिचा. आणि तरी उठायची नाही.

ज्येष्ठात एका पहाटे रहाट थांबला तो थांबलाच. ती धावत बाहेर आली. पोहरा अर्ध्यात लोंबकळत होता, अप्पा दोर छातीशी धरून उभे होते, ओढवत नव्हता आणि सोडवतही नव्हता. ती मागं जाऊन उभी राहिली आणि दोर धरला. दोघांनी मिळून ओढला. पोहरा काठावर आला. अप्पांनी तांब्या भरून घेतला, दोन्ही हातांत धरला आणि पाण्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू, अंगणात आणखी कुणी नसतानाही कुणी ऐकेल अशा धाकानं, त्यांनी विचारलं, "वास येतुया का गं?"

उभ्या जन्मात त्यांनी हे कुणाला विचारलं नव्हतं. तिनं वाकून तांब्या हुंगला. एक क्षण तिला वाटलं, येतोय म्हणावं. एवढा एक शब्द, आणि हा माणूस आयुष्यभर तहानलेला राहील.

"न्हाय, अप्पा," ती म्हणाली. "गोड हाय."

त्यांनी मान हलवली. तिथंच उभ्या उभ्या, तिच्याकडं पाठ करून, ते पाणी प्याले, उरलेला तांब्या घेऊन भिंत धरत धरत घरात गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे रहाट पुन्हा कुरकुरला. पाणी त्यांनी स्वतःच ओढलं.